सुटून आलेला भाऊ आणि चाकणची नोकरी

पत्र थोडक्यात

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ २२ वर्षांचा. आई-वडील नाहीत. दोन मित्रांच्या नादानं मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाचं गोडाऊन फोडून तांब्याची तार पळवल्याच्या गुन्ह्यात तो सापडला. जामीन मंजूर होऊनही कोणी जामीनदार उभा राहीना, म्हणून आठ महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला. शेवटी ताईंच्या यजमानांनी जामीन दिला. पुढे गुन्हा शाबीत झाला, पण पहिलाच गुन्हा आणि वय बघून न्यायालयानं शिक्षा न सुनावता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (म्हणजे लेखी हमीवर), परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली त्याला सोडलं. या बंधपत्रालाही जामीनदार यजमानच. अटी अशा: ताईंच्या पत्त्यावरच राहायचं, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, महिन्यातून एकदा अधिकाऱ्यांपुढे हजेरी, आणि दुकानदाराला १८,००० रुपये भरपाई हप्त्यांनी.

पाच महिने झाले. हजेरीच्या दिवशी खाडा पडतो म्हणून यंत्रमागावरचं काम सुटलं. गावात चोरी झाली की पोलीस आधी त्याला बोलावतात. नणंदेचं लग्न जमवायचं चाललं आहे आणि पाहुणे आले की हा समोर नको, असं सासूबाईंचं म्हणणं. आता ओळखीतला एक मुलगा त्याला चाकणला कंत्राटदाराकडे कामाला लावतो म्हणतो. ‘तिकडे त्याला कोणी ओळखत नाही. गुपचूप पाठवून द्यावं का? तारखेपुरता येऊन जाईल. एकदा दोन वर्षं निघाली की सुटलो,’ असं ताई विचारतात.

उत्तर

ताई,

प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. गुपचूप पाठवू नका. चाकणला जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. पण न सांगता गेला तर जिल्ह्याची हद्द ओलांडली त्याच दिवशी अट मोडली, आणि त्या कागदावर जामीनदार म्हणून सही तुमच्या यजमानांची आहे.

अट मोडली तर काय होतं, हे नीट समजून घ्या. तुमच्या पत्रात या बाबतीत भीतीही जरा जास्त आहे आणि बेफिकिरीही जरा जास्त आहे. हा मामला १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली चालतो. कोर्टात सगळे त्याला प्रोबेशनचा कायदाच म्हणतात. जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले, पण हा जागेवर आहे. त्याचं नववं कलम सांगतं की अट मोडल्याचं न्यायालयाच्या कानावर आलं, मग ते अधिकाऱ्यांच्या अहवालातून येवो की आणखी कुठून, तर न्यायालय तुमच्या भावावर वॉरंट काढू शकतं, किंवा त्याला आणि जामीनदाराला समन्स पाठवू शकतं. अट मोडल्याची खात्री पटली तर मूळ चोरीच्या गुन्ह्याची शिक्षा तेव्हा सुनावता येते. ‘दोन वर्षं निघाली की सुटलो’ यातली मेख इथे आहे. त्याची शिक्षा माफ झालेली नाही. ती अजून दिलेलीच नाही.

आता दुसरी बाजू. पहिल्या चुकीला थेट तुरुंग, असंही नाही. पहिल्यांदा अट मोडली तर बंधपत्र तसंच चालू ठेवून नुसता दंड करायची मुभा न्यायालयाला आहे, आणि त्या दंडाची कमाल मर्यादा कायद्यात पन्नास रुपये आहे. १९५८ साली ती रक्कम टोचत असेल. आज तेवढ्यात दोन वडापाव आणि चहा येतो. सांगायचं एवढंच की तापानं फणफणला म्हणून एखादी हजेरी चुकली, तर आभाळ कोसळत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जावं. यजमानांच्या जामिनाच्या रकमेचंही तसंच. ती वसूल करण्याआधी त्यांना नोटीस निघते, म्हणणं मांडता येतं, आणि रक्कम कमी करण्याचा अधिकारही न्यायालयाला असतो. पण हे सगळं चुकलेल्या माणसासाठी आहे. ठरवून पत्ता बदललेल्या माणसाची बाजू मांडायला वकिलालाही जड जातं.

आता मला तुम्हाला एक विचारायचं आहे. पत्रात सासूबाई काय म्हणतात ते आहे, यजमान काय म्हणतात ते आहे, शेजारच्या काकू, बीटचे हवालदार, चाकणचा तो मुलगा, सगळ्यांचं बोलणं आहे. तुमच्या भावाचं एकही वाक्य नाही. त्याला चाकणला जायचंय का, हेही मला पत्रावरून कळलं नाही. बंधपत्राची प्रत यजमानांनी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवली आहे, असं तुम्ही लिहिता. म्हणजे ज्याच्यावर त्या अटी आहेत त्यानं तो कागद स्वतः वाचला आहे की नाही, देव जाणे. भरपाईचे हप्ते यजमान परस्पर भरतात. रात्री तो झोपला की तुम्ही त्याचा मोबाईल उघडून बघता.

तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. आठ महिने तुरुंगाच्या मुलाखतीच्या रांगेत डबा आणि कपडे घेऊन उभं राहणं काय असतं, ते तुम्ही भोगलंय. पण एक उलटापालट झाली आहे. त्याच्यावर देखरेख ठेवायचं काम न्यायालयानं ज्या माणसाला दिलंय, त्याला तुम्ही घाबरता. आणि ते काम मात्र घरात तुम्ही स्वतः करताय. मोबाईल तपासणारी बहीण, हप्ते भरणारे दाजी, पाहुण्यांसमोर येऊ नको म्हणणारं घर. त्या मुलाला चाकणचं आकर्षण पगाराचं आहे की या सगळ्यातून सुटण्याचं, ते आधी त्यालाच विचारा. आणि विचारताना सोबत कोणी नको. यजमानही नकोत.

पत्रात तुम्ही ‘प्रोबेशनचे पोलीस’ असं लिहिलंय. ते पोलीस नाहीत. आपल्याकडे परिविक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे असतात, गृह खात्याचे नाहीत. त्यांची कामं कायद्याच्या चौदाव्या कलमात लिहिलेली आहेत: देखरेख, भरपाई भरायला सल्ला आणि मदत, आणि गरज असेल तिथे योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न. काम मिळवून देण्याचा प्रयत्न, हे मी माझ्या पदरचं घालत नाही, कायद्यातच आहे. प्रत्यक्षात काय होतं तेही ठाऊक आहे. याच खात्यावर मुलांच्या प्रकरणांचा मोठा भार असतो, माणसं थोडी असतात, आणि तुमचा भाऊ गेला की सही घेऊन पाच मिनिटांत मोकळा करतात. तो काही सांगत नाही, ते काही विचारत नाहीत. पाच महिने असेच गेले असणार.

तेव्हा पुढच्या हजेरीला तुम्ही सोबत जा, आणि काम घेऊन जा. तोंडी रडगाणं नको, एका कागदावर लिहून न्या. तुम्हाला ज्या कलमाची गरज आहे ते आठवं. बंधपत्राच्या अटी बदलायच्या असतील तर न्यायालय त्या बदलू शकतं: राहण्याच्या ठिकाणाची अट असो, मुदत असो. आणि वागणूक चांगली दिसली, आता देखरेखीची गरज उरली नाही असं पटलं, तर मुदतीआधीच बंधपत्र रद्दही करू शकतं. मात्र या दोन्हीसाठी अर्ज करतो परिविक्षा अधिकारी. ज्या माणसाला पाच महिने तुम्ही टाळत आलात, नेमक्या त्याच्याच हातात ही किल्ली आहे. (मुदत वाढूही शकते बरं का, मूळ आदेशापासून तीन वर्षांपर्यंत. पण अट बदलण्याआधी तुमच्या भावाला आणि जामीनदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते.)

अमेरिकेत सुटून आलेल्यांसाठी काही ठिकाणी वेगळी न्यायालयं चालतात. फिलाडेल्फियाच्या फेडरल न्यायालयात २००७ पासून असा उपक्रम आहे. दर दोन आठवड्यांनी न्यायाधीश या मंडळींना समोर बसवून विचारतात: काम लागलं का, घर मिळालं का, लायसन्सचं काय झालं. तिथे ५२ आठवडे नीट पार पाडले की देखरेखीचं एक वर्ष कमी होतं. आपल्याकडच्या न्यायाधीशांच्या बोर्डावर रोज इतकी प्रकरणं असतात की अशी विचारपूस होणं कठीण. पण लवकर मोकळं करण्याची सोय आपल्या कायद्यात आधीपासून आहे. ती फारशी वापरली जात नाही, कारण कोणी मागत नाही. मी तर म्हणेन, वर्ष पूर्ण होईल तेव्हा मागायची, हे मनाशी ठरवूनच पुढचे सात महिने आखा.

चाकणकडे येते. दोन्ही बाजूंनी बघू.

जाण्याच्या बाजूनं बरंच आहे. रोख पगार, नवीन ओळख, जुन्या दोन मित्रांपासून लांब. गावात दर चोरीला याचंच नाव निघत असेल तर तिथून निघावंसं वाटणारच, त्यात गैर काही नाही. आणि न्यायालयाला हे कळत नाही असं समजू नका. कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जायचंय, हे कारण रास्त आहे. देखरेख दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवायची तरतूदही कायद्यात आहे. त्यामुळे पुण्यातल्या अधिकाऱ्यापुढे हजेरी द्यायची मागणी करता येते, दर महिन्याला एसटीनं पाच-सहा तास इकडे यायची गरज नाही.

पण मला खटकतो तो ‘ओळखीतला मुलगा’. ओळख कुठली? गावातली, शाळेतली की तुरुंगातली? तुरुंगातली असली म्हणून माणूस वाईट ठरत नाही, तुमचाही भाऊ तिथलाच. पण सोबतच्या आरोपींपासून दूर राहण्याची अट बंधपत्रात असू शकते, आणि तुमच्याही असेल तर हा मुलगा त्या दोघांपैकी किंवा त्यांच्या गोतावळ्यातला नाही ना, एवढं तरी बघायला हवं. कंत्राटदाराचं नाव, नोंदणी, पगार खात्यावर की हातात, पीएफ कापतो का, राहायची खोली कोणाची आणि तिथे कोण कोण, याची उत्तरं त्या मुलाकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर आली तरी चालतील. जो ‘तू ये तर, बघू’ म्हणतो त्याच्या भरवशावर न्यायालयात अर्ज करता येणार नाही. अर्जाला कंपनीचं किंवा कंत्राटदाराचं पत्र आणि राहण्याचा पत्ता लागेल.

माझा स्वतःचा कल विचाराल तर सहा महिने इथेच. कारण गावाची बूज नव्हे, कारण तुमच्या भावानं अजून स्वतःच्या पायावर एकही महिना काढलेला नाही. आठ महिने आत दुसऱ्याच्या शिट्टीवर उठला, पाच महिने घरात तुमच्या नजरेवर. तिथून थेट परक्या गावातली आठ-दहा पोरांची खोली, बारा तासांची पाळी आणि महिन्याच्या दहा तारखेला हातात एकरकमी पैसे. जमेलही. पण पगार लांबला, भांडण झालं, आजारी पडला, तर तिथे त्याचं कोण आहे? तरी त्याचं स्वतःचं म्हणणं चाकणच असेल, तर माझा कल बाजूला ठेवा आणि रीतसर अर्ज करा. वय २२ आहे त्याचं.

इथे राहायचं ठरलं तर कामाचा प्रश्न हजेरीपाशी अडलाय, तो तेवढा अवघड नाही. हजेरीचा दिवस देवानं ठरवलेला नसतो. तुमच्याकडे माग ज्या दिवशी बंद असतात तो वार अधिकाऱ्यांना सांगा आणि हजेरी त्या दिवशी द्या म्हणून विनंती करा. कार्यालय रविवारी बंद असेल, पण बऱ्याच गावांत मागांची सुट्टी रविवारी नसतेच. मालकालाही आधी सांगता येईल की महिन्यातला अमुक एक दिवस हा नसेल. खाडा आणि आधी सांगून घेतलेली सुट्टी यांत मालक लोक फार फरक करतात.

याच्या जोडीला एक फालतू वाटणारं पण माणसाला थकवणारं काम: कागद. आठ महिन्यांत रिचार्ज नव्हता म्हणून त्याचं जुनं सिम बंद झालं असेल. आधारला तोच नंबर जोडलेला, त्यामुळे ओटीपी येत नाही, म्हणून बँकेचं खातं उघडत नाही, म्हणून पगार कोणाच्या तरी दुसऱ्याच्या खात्यावर. सुटून आलेल्या पुष्कळ जणांची गाडी याच खडकावर अडते आणि घरच्यांना वाटतं पोरगं आळशी झालं. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या, रेशन कार्डावर तुमच्या घरात नाव लागतंय का बघा. एका दिवसात होणार नाही, पण पहिल्या पगाराआधी व्हायला हवं. आणि या चकरा त्याला एकट्याला मारू द्या.

चाकणच्या कंपन्या चारित्र्य पडताळणी मागतात, तेव्हा काय करायचं हेही तुम्ही विचारलंय. बाराव्या कलमात त्याच्या फायद्याचं काही आहे: चौथ्या कलमाखाली, म्हणजे तुमच्या भावासारखं, बंधपत्रावर सोडलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे इतर कायद्यांनी लागू होणारी अपात्रता लागत नाही. पण याचा अर्थ गुन्हा पुसला गेला असा होत नाही, आणि उद्या अट मोडून मूळ शिक्षा झाली तर हे संरक्षणही जातं. त्यामुळे फॉर्मवर सरळ ‘गुन्हा दाखल आहे किंवा होता का’ असं विचारलं असेल तर ‘नाही’ लिहू नये. सरकारी नोकरीच्या बाबतीत तर अवतार सिंह प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं सविस्तर सांगितलंय की माहिती दडवणं हेच नोकरी जाण्याचं कारण होऊ शकतं, आणि खरी माहिती दिली असेल तर मालकानं प्रकरणाचं स्वरूप बघून विचार करावा. खासगीत शंभरातले बरेच जण दार लावतील, हे खोटं कशाला बोलू? म्हणूनच पहिली नोकरी फॉर्मवरून न शोधता माणसावरून शोधावी. गॅरेज, पोल्ट्री, माग, द्राक्षबागेची कामं. मालकाला पहिल्याच दिवशी तुमच्या भावानं स्वतः सांगितलेलं असलं की मग कोणी येऊन कान भरायला जागा उरत नाही.

पोलीस बोलावतात त्याबद्दल. चौकशीला नकार देऊ नका, पण एकटा पाठवूही नका. बोलावणं लेखी नोटिशीनं द्यावं अशी नम्रपणे विनंती करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हजर राहण्याच्या नोटिशीची तरतूद आहे. आणि प्रत्येक वेळी, कधी बोलावलं, किती वेळ बसवलं, काय विचारलं, हे त्याच दिवशी वहीत लिहून पुढच्या हजेरीला अधिकाऱ्यांना द्या. त्यांच्या अहवालात ते आलं तर तुमच्या बाजूनं बोलतं. फारच होऊ लागलं तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्री म्हणून तुम्हाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघितलं जात नाही. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

भरपाईचे हप्ते. यजमानांचा चांगुलपणा कळतो, पण ते थांबवा. काम लागेपर्यंत हप्ता कमी करून मिळावा, असं अधिकाऱ्यांमार्फत न्यायालयाला सांगा. मग ५०० रुपयेच असोत, पण ते त्याच्या कमाईचे, त्याच्या हातानं भरलेले, आणि पावती त्याच्या नावाची. ती पावती त्यानं स्वतःच्या फायलीत लावायची. बंधपत्राची प्रतही कपाटातून काढून त्याच फायलीत. उद्या मुदत कमी करण्याचा अर्ज करताना न्यायालय याच गोष्टी बघणार. दुकानदाराच्या पाया पडायला त्याला पाठवावं का, असं तुमच्या मनात आहे. अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय नको. तुम्हाला ती माफी वाटेल, त्या माणसाला दबाव वाटू शकतो.

सासूबाईंवर मी रागावणार नाही. मुलीचं लग्न जमवताना आई कशाकशाला भिते, ते आपण सगळ्या जाणतो. पण तुमच्या गावात ही बातमी कोणाला माहीत नाही? पाहुणे चौकशी करणारच, आणि ती ते चहाच्या टपरीवर करतील. लपवलेलं साखरपुड्यानंतर कळलं तर जे मोडेल ते तुमच्या भावामुळे मोडणार नाही, लपवण्यामुळे मोडेल. मध्यस्थाला आधीच दोन वाक्यांत सांगून टाकावं: ‘मुलीच्या वहिनीच्या भावाकडून एक गुन्हा झाला होता. न्यायालयानं त्याला सुधारण्याची संधी दिली आहे, तो आमच्याकडे राहतो आणि कामाला जातो.’ एवढंच, रडणं नको, खुलासे नकोत. एवढ्यावर मागं फिरणारं स्थळ उद्या आणखी कशावरूनही फिरलं असतं. हे सासूबाईंना तुम्ही सांगण्यापेक्षा यजमानांनी सांगितलेलं बरं. आणि ‘कामाला जातो’ हे तोवर खरं झालेलं असायला हवं.

तुमच्या जिल्ह्यातलंच एक सांगते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानानं १९३९ साली कैद्यांची खुली वसाहत वसवली. शिक्षा झालेली माणसं तिथे कुटुंबासह राहून शेती करतात. म्हणजे सुधारायचं तर माणूस आपल्या माणसांत आणि कामात असावा, ही कल्पना तुमच्याकडे परदेशातून आलेली नाही. आणि परदेशात तिची सुरुवात कोणी केली म्हणाल, तर बोस्टनच्या एका जोडे बनवणाऱ्यानं. १८४१ साली जॉन ऑगस्टस नावाच्या या माणसानं न्यायालयात एका दारुड्यासाठी जामीन भरला, तीन आठवडे त्याला सांभाळून शुद्धीवर आणून परत उभा केला. न्यायाधीशांनी नाममात्र दंड करून त्याला सोडलं. पुढे जन्मभर ऑगस्टस हेच करत राहिला. प्रोबेशनचा कायदा जगात कुठेच नव्हता तेव्हा एक साधा जामीनदार होता, तुमच्या यजमानांसारखा. त्यांना हे जरूर सांगा. त्यांचं कौतुक तुमच्या घरात कोणी केलेलं पत्रात तरी दिसलं नाही.

जामिनावरून आठवलं, आणि हे इतर वाचकांसाठी. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी माणूस आत राहतो, अशी पत्रं बरीच येतात. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे जामीन मंजूर होऊन आठवड्यात सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर अटी सैल करता येतील का, याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकतं. तेव्हा वाट बघत बसू नका, प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन नाव आणि केस नंबर द्या. मुंबईत असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत आणि सुटून आलेल्यांसोबत काम करतो, तिथे विचारा.

ताई, मोबाईल तपासणं बंद करा, आणि बंद केलंय हे त्याला सांगा. त्याला राग येईल, कारण आजवर तुम्ही तपासत होता हे त्याला बहुधा माहीत आहे. येऊ द्या. तो राग निघाल्यावर मग चाकणचं बोला. तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत अर्जात लिहा, वकिली भाषा नको. अर्ज परिविक्षा अधिकाऱ्यांच्या नावे, विषय ‘बंधपत्राच्या अटींत बदल करण्याबाबत’. सोबत कामाचं पत्र, पत्ता, भरपाईच्या पावत्या, आणि जामीनदार म्हणून यजमानांची संमती. अधिकारी ‘बघू’ म्हणाले तर महिन्यानं पुन्हा जा, तरी हललं नाही तर विधी सेवेच्या वकिलामार्फत न्यायालयासमोरच विषय काढा. आणि पहिल्याच दिवशी, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय त्या कार्यालयातून उठू नका.